मदत थेट पाठवायची सोडून समन्वयावर पैसे कशाला?

कोरा_कागद:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. कुठे भूकंप झाला, युद्ध पेटलं की युएनचं निधीसाठी आवाहन येतं आणि त्यात अन्न, औषधं, तंबू यांच्या जोडीला 'समन्वय' हाही खर्च असतो. त्यासाठी ओचा नावाचं आख्खं ऑफिस आहे, जे स्वतः एक पोतं तांदूळसुद्धा वाटत नाही. मग तोच पैसा सरळ अन्नावर गेला तर जास्त पोटं भरतील ना? वाद घालायला विचारत नाहीये, मी दर वेळी थोडंफार देते, ते कुठे द्यावं हे ठरवायचंय.

रानवारा:
प्रश्न रास्त आहे. पण मदत नुसती कमी पडत नाही, ती भलत्या जागी आणि भलतीच जाऊन पडते, आणि हे बातम्यांत फारसं येत नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात सुमारे 4000 टन औषधं येऊन पडली. त्यातली निम्म्याहून जास्त तिथल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतच नव्हती, बऱ्याच खोक्यांवरचा मजकूर तिथल्या लोकांना न कळणाऱ्या भाषेत, काही तर एक्सपायर झालेली. आता बघा, ज्या नर्सने जखमा धुवायच्या तिने खोकी फोडून कुठली गोळी कशाची हे लावत बसायचं, आणि वर नको ती औषधं नीट नष्ट करायचा खर्चही त्यांच्याच माथी. पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हो, पण काय हवंय ते आधी विचारा आणि तेवढंच पाठवा, हे सगळ्यांना ठणकावून सांगणारं आणि ज्याचं सगळे ऐकतील असं कुणी मध्ये नव्हतं.

2005 मध्ये क्लस्टर पद्धत आली, म्हणजे एकेका प्रकारच्या कामाचा एकेक गट आणि त्याला एक पुढारी संस्था, त्यामागे हे असे अनुभव आहेत. पाणी आणि स्वच्छतेला पुढाकार युनिसेफचा, आरोग्याला डब्ल्यूएचओचा, वाहतुकीला डब्ल्यूएफपीचा, म्हणजे युएनच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा, आणि सगळ्या संस्थांनी एकत्र बसून कोण, कुठे, काय करतंय याचा तक्ता भरायचा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं मान्य आहे, पण त्या तक्त्यात जो रकाना रिकामा दिसतो ना, तिथे एखादं गाव असतं जिथे अजून कुणी पोचलेलंच नाही, आणि तक्ता नसेल तर सगळ्यांच्या गाड्या हमरस्त्यालगतच्या त्याच चार गावांत जातात.

अजून एक, नेपाळचं. 25 एप्रिल 2015 ला भूकंप झाला तेव्हा देशात आंतरराष्ट्रीय विमानतळ एकच, काठमांडूचा, त्याला धावपट्टीही एकच, विमानं वर घिरट्या घालून माघारी जात होती. पण मदतीचं सामान उतरवून, लावून पुढे पाठवायची जागा डब्ल्यूएफपीने नेपाळ सरकारबरोबर विमानतळाशेजारीच जेमतेम महिनाभर आधी तयार केली होती, ती लगेच कामाला आली. तिचा खर्च झाला तेव्हा टीव्हीवर नेपाळचं नावही नव्हतं. अशा कामाला पैसा मिळवणं सगळ्यात अवघड, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते.

खडीसाखर:
बरंचसं पटलं, तरी एक सांगते. समन्वय आहे म्हणजे सगळं आलबेल असं नसतं. 2010 च्या हैतीच्या भूकंपानंतर क्लस्टरच्या मीटिंगा व्हायच्या विमानतळाजवळच्या युएनच्या तळावर, त्याही बऱ्याचशा इंग्रजीत. लोकांची भाषा क्रेओल, सरकारी कामकाज फ्रेंच आणि क्रेओलमध्ये. स्थानिक संस्थांना गेटातून आत जायचीच मारामार, म्हणजे ज्यांना गल्ली न् गल्ली पाठ ते बाहेर आणि काल विमानातून उतरलेले आत बसून ठरवणार! पुढे 2016 मध्ये इस्तंबूलला मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी कबूल केलं की 2020 पर्यंत निदान 25 टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिकांच्या हातात देऊ, तेही झालं नाही. माझा समन्वयाला पाठिंबा आहेच, पण टेबलाशी तिथली माणसं हवीत, नाहीतर तो तक्ता भरणार कशाच्या जोरावर?

रानवारा:
शंभर टक्के सहमत. आणि हे सुधारायलाही पैसा लागतो, दुभाषे लागतात, मीटिंग गावाजवळ घ्यावी लागते. बजेट कापलं की आधी हेच उडतं.

सांजवात:
नुसत्या पैशाने भागत नाही, सरकारांचं वजनही लागतं. 6 फेब्रुवारी 2023 चा भूकंप तुर्कस्तान आणि सीरिया दोन्हीकडे झाला. तुर्कस्तानात जगभरातून बचाव पथकं पोचली, आणि वायव्य सीरियात जायला युएनला सुरक्षा परिषदेची परवानगी होती ती बाब अल-हवा या एकाच सीमाचौकीतून, तिकडे जाणारा रस्ताही भूकंपात खराब झालेला. पहिला ताफा आत शिरला 9 तारखेला. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी तीन दिवस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. युएनचे तेव्हाचे मदतप्रमुख मार्टिन ग्रिफिथ्स यांनी स्वतःच जाहीरपणे म्हटलं की तिथल्या लोकांसाठी आपण कमी पडलो. रस्ते उघडा म्हणून आधीपासून मागे लागायचं काम एकट्या दुकट्या संस्थेच्या आवाक्यातलं नाही, ते सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्यालाच जमतं.

कोरा_कागद:
धन्यवाद सगळ्यांना, इतका विचार केलाच नव्हता. मग माझ्यासारखीने नेमकं काय करावं?

खडीसाखर:
वस्तू, जुने कपडे, औषधं अजिबात पाठवू नका, पैसेच द्या, आणि 'फक्त ब्लँकेटसाठी' वगैरे अट घालू नका. थोडे युएनच्या सर्फ या आपत्कालीन निधीला देता येतात, तिथे वैयक्तिक देणग्याही घेतात आणि बातमी थंडावलेल्या संकटांनाही त्यातून पैसा जातो. बाकीचे अशा स्थानिक संस्थेला द्या जी बाकीच्यांसोबत बसून कामं वाटून घेते. देण्याआधी मेल करून विचारा, तुमच्या भागात अजून कोण काम करतंय? नीट काम करणाऱ्यांना हे लगेच सांगता येतं.