भावाशी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) केस चालू आहे, मग मी 'पवित्र जन' कसा?

कापूसवाला:
सर्वांना सलाम. काल आमच्या घरी प्रार्थनासभा होती, पास्टरांनी बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं आणि दुसऱ्याच वचनावर थांबले, म्हणे इथं बसलेला प्रत्येक विश्वासणारा पवित्र जन आहे. पोरगी नागपूरले शिकते, तिनं मोबाईलवर इंग्रजी बायबल पाहिलं तर तिथं सरळ सेंट्स लिहिलंय. मले खाली पाहावं लागलं. मोठ्या भावासोबत धुऱ्यावरून तीन वर्षं केस चालू आहे, दोघंही एकाच चर्चच्या मंडळीत, प्रभुभोजनाच्या दिवशी तो डावीकडं बसते मी उजवीकडं. आपल्याकडं संत म्हटलं की गाडगेबाबा डोळ्यासमोर येतात, हातात खराटा, स्वतःसाठी काही ठेवलं नाही. मी कुठचा संत?

जुना शिक्षक:
भाऊ, मूळ ग्रीक शब्द हागिओस, अर्थ देवासाठी वेगळं काढलेलं. माझी माय तुरीतून बियाण्याची तूर वेगळी काढायची, राख चोळून मडक्यात भरायची. तूर तीच, एकाच शेंगेतली, पण घरात कितीही टंचाई असो त्या मडक्याले कोणी हात लावत नसे, ती पेरणीची होती. पवित्र जन म्हणजे आधी हे, तुम्ही कोणाचे हा प्रश्न आहे, तुम्ही किती चांगले हा नंतरचा. आणि पौलानं हे कोणाले लिहिलं? करिंथच्या मंडळीले, जिथं गटबाजी होती, आणि सहाव्या अध्यायात पाहा, भाऊ भावाले कोर्टात खेचत होता!

मारियाची नात:
आम्ही कॅथलिक, आमच्यात संत जाहीर करायची वेगळी रीत आहे. मदर तेरेसा १९९७ ले गेल्या, २०१६ मध्ये जाहीर झाल्या. पण जाहीर केल्यानं कोणी संत बनत नाही, ते देवाजवळ आहेत हे चर्च ओळखून सांगते बस. १ नोव्हेंबरचा सण तर ज्यांचं नावही कोणाले माहीत नाही अशा संतांचाही असतो. मी त्या दिवशी आजीचं नाव घेते, कापूस वेचता वेचता तिच्या ओठावर जपमाळेची प्रार्थना चालायची.

दर्यापूरकर:
शिक्षकांचं पटलं, पण अर्धंच. मडक्यातल्या तुरीले कीड लागली तर पेरून उगवते काय? येशूचा शिष्य पेत्र म्हणते, बोलावणारा देव पवित्र आहे तसे तुम्हीही सगळ्या वागण्यात पवित्र व्हा. आणि त्याच सहाव्या अध्यायात पौल त्या भावांना लाज वाटावी म्हणून बोलते, अन्याय सोसून का घेत नाही म्हणते. तरी त्यांना पवित्र जन म्हणणं सोडत नाही, मले यातच आशा वाटते.

कापूसवाला:
रात्री सहावा अध्याय दोनदा वाचला, झोप नाही आली. बुधवारी मोजणीवाले येणार आहेत. सकाळी वहिनीले फोन करून म्हटलं त्याच्या आधी आम्ही दोघंच एकदा धुऱ्यावर जाऊ, त्या म्हणाल्या सांगते. अजून फोन नाही आला. पण जी, एक खरं सांगा, मी केस मागं घेतली आणि त्यानं अजून दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत नांगरलं तर?