उज्जैन सिंहस्थ २०२८ : आईला घेऊन भर उन्हाळ्यात जावं का?

चिकूवाडीकर :
मंडळी नमस्कार. सिंहस्थाला आईला न्यायचंय, इतक्या आधी विचारतोय म्हणून हसू नका, आमच्याकडे ठरायलाच वर्ष जातं. आई ६९ ची, बीपीची गोळी चालू, डावा गुडघा दुखतो, जिना चढताना कठडा लागतो, पण तिच्या भजनी मंडळातल्या दोघी २०१६ ला जाऊन आल्या आणि तेव्हापासून घरात क्षिप्रा नदीचा विषय संपत नाहीये. माझी सुट्टी आणि पोरांची शाळा बघता एप्रिल शेवट किंवा मे. आई म्हणते स्नान अक्षय तृतीयेलाच (२७ एप्रिलला येतेय). माझं म्हणणं कोणी विचारलेलं नाही. आम्ही लोकलवाले, गर्दीचं एवढं काही वाटत नाही, पण उन्हाचं टेन्शन आहे. आणि ती पंचक्रोशी पण करू म्हणतेय, ते किती चालायचं असतं?

ठाण्याची_काकू :
अरे बाबा पंचक्रोशी म्हणजे ११८ किलोमीटर! पाच दिवस, माळव्यातली खेड्यातली माणसं डोक्यावर बोचकं घेऊन चालतात ते, पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून बळ घेऊन निघतात. आईंना म्हणावं त्या वाटेचं नावच काढू नका. आणि तारखेचा घोळ करू नकोस, तिकडे वैशाख वद्य दशमी ते अमावस्या असं लिहितात, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणजे त्यांचा वैशाख वद्य हा आपला चैत्र वद्य. आमच्या शेजारणीने आपलं कॅलेंडर बघून महिनाभर उशिराची तिकिटं काढली होती.

आता स्नानाचं. आम्ही २०१६ ला अक्षय तृतीयेलाच गेलो होतो, ९ मे, शाही स्नान. गाडी गावाबाहेर थांबवली आणि तिथून पायी, किती ते मोजलं नाही पण दोन तास तरी चालत होतो. सकाळी रामघाटावर आधी आखाडे, साधू लोकांचं झालं की मग आपण, तोपर्यंत ऊन डोक्यावर. लोकलची गर्दी वेगळी रे. तिथे अंधेरी येणारे हे माहीत असतं, फार तर पुढच्या स्टेशनला उतरता येतं. इथे एकदा बॅरिकेडमध्ये शिरलास की मागे फिरता येत नाही, सोबतच्या माणसाला चक्कर आली तरी पुढेच. माझ्या नणंदेचं झालं तसं. शाही स्नानानंतर तीन-चार दिवस सोडून जा, घाट तोच, नदी तीच.

माहेर_इंदूर_सासर_पार्ले :
काकूंना अनुमोदन. उन्हाबद्दल मी सांगते, कारण मुंबईची माणसं तिकडे हमखास फसतात. इथे घामाने शर्ट चिकटतो म्हणून आपण पाणी पितो. माळव्यात हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत वाळतो, वाटतं काय मस्त, चिकचिक नाही, आणि दुपारी माणूस आडवा. मे मध्ये चाळीस-बेचाळीस आरामात जातं, वर लू, म्हणजे गरम कोरडा वारा. त्यामुळे तहान लागो न लागो घोट घोट पाणी, ओआरएसच्या पुड्या, कैरीचं पन्हं, डोकं-कान सुती पंचाने बांधलेले. पहाटे स्नान, दर्शन सकाळी लवकर नाहीतर रात्री, अकरा ते पाच खोलीच्या बाहेर पडायचंच नाही. बीपीच्या गोळ्यांचं निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्या उन्हात त्रास देतात.

राहायला पक्की खोली बघा, तंबू नको. २०१६ ला ५ मे च्या संध्याकाळी वादळ आणि पाऊस एकदम आला, मंडप कोसळले, माणसं गेली त्यात. उज्जैनला नाही मिळालं तर इंदूर पन्नास-पंचावन्न किमीवर आहे. महाकालाच्या गाभाऱ्यात आता सगळ्यांना सोडत नाहीत, २०२३ पासून बंद आहे, तेव्हा पिंडीला हात लावायचा असं आईंच्या मनात असेल तर आधीच सांगून ठेवा, तिथे जाऊन रडारड नको.

दादर_टीटी :
एवढ्या लांब कशाला? आपलं नाशिक २०२७ ला आहेच की, सकाळी निघा रात्री घरी.

चिकूवाडीकर :
@दादर_टीटी सुचवलं होतं. पर्वण्या २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, मग सप्टेंबर, म्हणजे भर पावसात ओल्या पायऱ्या आणि हा गुडघा. शिवाय आई म्हणते नाशिकला काय, कधीही जाऊ. गेली दहा वर्षं हेच म्हणतेय.

बोरिवली_फास्ट :
ट्रेनचं. अवंतिका घ्या, बोरिवलीलाच थांबते, संध्याकाळी बसायचं आणि सकाळी उज्जैन. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी ८ ला दोन मोबाईल घेऊन बसा, आणि परतीचं पण त्याच हिशोबाने. खालचा बर्थ आईंसाठी, ४५ वरच्या बायकांना सिस्टीम देते शक्य असेल तर, पण तिकिटावर बघून घ्या. स्पेशल गाड्या सुटतील पण त्यांच्या वेळेचा भरवसा धरू नका. आईंच्या गळ्यात छोटी पिशवी, त्यात तुमचा नंबर कागदावर लिहून. त्या गर्दीत फोन लागत नाही आणि नंबर पाठ कुणाचाच नसतो.

चिकूवाडीकर :
सगळं वाचून दाखवलं. पंचक्रोशी रद्द, अक्षय तृतीयेवर चर्चा चालू आहे, बहुतेक २ मे च्या आसपास जाऊ. गाभाऱ्याचं ऐकून जरा गप्प बसली. मग म्हणाली, त्या ठाण्याच्या बाईंना विचार, घाटावर बायकांना कपडे बदलायला आडोसा होता का.

ठाण्याची_काकू :
होता, पण तिथेही रांग. पातळ सुती साडी नेसून जा म्हणावं, त्या उन्हात खोलीवर पोचायच्या आत अंगावरच वाळते.