मदत हवी आहे : पक्षाघातानंतरच्या नैराश्याचा अंदाज आधी कसा घ्यायचा?

बाबांना अडीच महिन्यांपूर्वी लकवा झाला. उजवा हात लुळा, बोलणंही अडखळतं. फिजिओथेरपी चालू आहे, पाय बरा आहे. काळजी वेगळीच आहे. सकाळचा चहा समोर ठेवला की साय धरेपर्यंत नुसते बघत बसतात. पेपरची घडीसुद्धा मोडत नाहीत. हेच बाबा आधी शब्दकोड्यासाठी आमच्याशी भांडायचे!

पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, असं वाचलं. आधी कधी नैराश्य आलेलं असेल, अपंगत्व जास्त असेल किंवा वाचा गेली असेल तर धोका वाढतो. आई गेली तेव्हा बाबा वर्षभर असेच गप्प होते, म्हणून धास्ती वाटते.

डिस्चार्जच्या वेळी याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मिळाली. २७ पैकी १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवायचं. पण ज्याला 'हो-नाही'सुद्धा धड सांगता येत नाही, त्याला काय विचारणार? घरच्यांनी नुसतं निरीक्षण करून भरायची एखादी प्रश्नावली कोणी वापरली आहे का? आणि आधी न्यूरोलॉजिस्टकडे जावं की थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे? साताऱ्यात राहतो, पुण्याला न्यायची तयारी आहे.