मधमाशी चावल्यावरची सूज
मधमाशी चावल्यावर दुसऱ्या दिवशी हात आणखी सुजला म्हणजे जंतुसंसर्ग झाला का, असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा नाही. ही ॲलर्जीची स्थानिक सूज; 24 ते 48 तास वाढते, मग हळूहळू उतरते. अँटिबायोटिकची घाई नको. नांगी मात्र दिसताक्षणी काढा, नखाने काढली तरी चालेल, उशीर नको.

मला खरी काळजी वाटते ती अंगभर पित्त उठणं, आवाज घोगरा होणं, धाप, चक्कर यांची. तिथे ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. अशा जीवघेण्या ॲलर्जीवर पहिलं औषध ॲड्रिनलिनचं इंजेक्शनच: मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, प्रौढांना 0.5 मिलिग्रॅम. रुग्णाला आडवं ठेवा, धाप असेल तरच बसवा. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका, लक्षणं काही तासांनी पुन्हा उलटू शकतात.