सायलेन्सरचा जाम नट: स्टड न तुटता कसा काढू?

स्प्लेंडर, १०० सीसी. पिस्टन रिंगा बदलायच्या आहेत म्हणून इंजिनचं हेड उतरवतोय. सायलेन्सरचा पाइप हेडला बसतो तिथे स्टडवर (हेडमध्ये रोवलेला आट्यांचा दांडा) दोन नट. एक सुटला, दुसरा जागचा हलत नाही. गाडी वरळीला समुद्रासमोर उभी असते, खाऱ्या हवेने नटाच्या कडा पार झिजल्यात. दहाचा रिंग पाना घसरतो, सहा कोनी सॉकेट जेमतेम धरतं.

तारेच्या ब्रशने आटे साफ केले, डब्ल्यूडी-४० (गंजलेले भाग सुटायला मारायचा स्प्रे) मारून रात्रभर ठेवलं, हातोडीने हलके ठोके दिले, आधी किंचित आवळूनही पाहिलं. जोर लावला की स्टडच पिळतोय असं हाताला जाणवतं, म्हणून थांबलो. स्टड ६ एमएमचा, हेड ॲल्युमिनियमचं. आत तुटला तर ड्रिल, हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) आणि लेथवाल्याकडे खेटे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये नट तापवायला गॅसचा टॉर्च पेटवता येणार नाही. हॉट एअर गन मिळेल, पेट्रोलची टाकीही उतरवलेली आहे. पण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, मग नटाआधी स्टडच हेडमधून सैल होईल ना? तसा अख्खा बाहेर आला तरी चालेल, नवा टाकेन.

की नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारातून नट स्प्लिटर (नट चिरायचं हत्यार) आणू? हेडच्या फिन्सखाली (हवेने थंड ठेवणाऱ्या पात्या) तो बसतो का, की छिन्नीने नट उभा चिरणंच बरं?