शेंगदाणा पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन: एकाच लॉटचे दोन रिपोर्ट, कुठला खरा मानायचा?

नमस्कार मंडळी,

आमचा लाकडी घाणा आहे. पेंड गावातलेच गोठेवाले नेतात. यंदा ऐन काढणीत पावसाने गाठलं, शेंगा वावरातच भिजल्या. दाणा वरून चांगला दिसतो, पण फोडला की दोन डाळींच्या मध्ये पिवळट-हिरवी बुरशी. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते, म्हणून पेंड तपासायला दिली. एलायझा (झटपट किट-चाचणी) केली, बी१ (अफ्लाटॉक्सिनचा सर्वांत विषारी प्रकार) आलं ९ पीपीबी (म्हणजे किलोला ९ मायक्रोग्रॅम). त्याच लॉटची पेंड एका दूधवाल्याने दुसरीकडे एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासली, तर ४१! पशुखाद्याला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) मर्यादा २० आहे. आता तो पैसे परत मागतोय.

दोन्ही लॅब एनएबीएलवाल्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेल्या). मग कुणाचं धरायचं? आणि तेलही तपासावं का? (उन्हात घाला, भाजून घ्या असले सल्ले कृपया नकोत. एवढ्याने हे विष पुरतं जात नाही.)

प्रतिसाद

दादा, दोन्ही आकडे खरे असू शकतात. हे विष मालात सारखं पसरत नाही. पोतंभर दाणे स्वच्छ आणि मूठभर दाण्यांत सगळं भरलेलं, असंच असतं. त्यामुळे एका घाणीची पेंड ९ आणि पुढचीची ४१ निघाली तर नवल नाही. तुम्ही वरची ढेप फोडून पाव किलो दिली असणार, हा माझा अंदाज!

सगळ्या पोत्यांतून, वरून-मधून-तळातून थोडी थोडी पेंड काढा. एकत्र करा, बारीक दळा, नीट कालवा आणि मगच त्यातून नमुना घ्या. दूधवाल्याला समोर उभं करा, नमुन्याचे भाग पाडून एक सीलबंद ठेवा. एलायझा चाळणीपुरती ठीक, वाद असेल तर एचपीएलसीच. एनएबीएलचा शिक्का पुरेसा नाही. लॅबच्या स्कोपमध्ये (मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत) पशुखाद्यातलं अफ्लाटॉक्सिन आहे का ते बघा.

तोवर पेंड कुणाला देऊ नका. बी१ गाईच्या पोटात गेलं की दुधात एम१ (त्याचंच बदललेलं रूप) होऊन उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. दुधाला मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या दूध पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ नमुने त्यापुढे होते.

तेलही तपासाच. विष बहुतेक पेंडीत राहतं, पण थोडं तेलात येतं. रिफायनरीत ते बरंचसं निघतं, घाण्याच्या तेलाला ती सोय नाही.

धागाकर्ता

अंदाज बरोबर आहे. पण पेंड तीन वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या मालाची आहे. तिघांचे नमुने वेगळे काढू की एकच?