प्रतिसाद: लोहचुंबक आणि चमचे

जुन्या बाजारात भल्या पहाटे गेलं तरच घबाड मिळतं, हे वरचं म्हणणं अर्धंच खरं. पथाऱ्या उचलायच्या वेळी विक्रेत्याला सामान परत बांधायचा कंटाळा आलेला असतो, तेव्हा भाव पटकन उतरतो.

मी खिशात लोहचुंबक ठेवते. पितळेला तो चिकटत नाही; चिकटला तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. चमच्यामागे ९२५ दिसलं तर ९२.५ टक्के चांदी, पण 'ईपीएनएस' म्हणजे निकेल सिल्व्हरवर चांदीचा पातळ थर. (त्या निकेल सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल, जस्त!) असे सहा चमचे मी मिरवत घरी आणले. घासून घासून कडा पिवळट दिसायला लागल्या तेव्हा कुठे ट्यूब पेटली.